ब्रिटिश लष्करी शिरोवेषावरील ग्रेनेडचे चिन्ह : व्युत्पत्ती आणि भेद

पितळेचा वाटोळा गोळा आणि त्याच्या माथ्यातून वर उसळणाऱ्या ज्वाला, एवढेच त्या चिन्हाचे रूप. ब्रिटिश सैन्याच्या टोप्यांवर आणि गळपट्ट्यांवर ते अठराव्या शतकापासून आजतागायत दिसत आले आहे. त्याचा अर्थ विचारला तर ठरलेले उत्तर मिळते : पूर्वी हातगोळे फेकणारे सैनिक असत, त्यांना ग्रेनेडियर म्हणत, हा बिल्ला त्यांची खूण होय. बिल्ल्यांचा संग्रह करणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांपासून रेजिमेंटांच्या गौरवग्रंथांपर्यंत हेच विवेचन थोड्याफार फरकाने आढळते. ते असत्य आहे असे नाही. परंतु ते केवळ उगम सांगते आणि उगमालाच अर्थ मानून थांबते. शब्दाची व्युत्पत्ती सापडली की त्याचा अर्थ हाती आला, असे समजण्याची जी खोड भाषाभ्यासात जुनी आहे, तिचेच हे वस्तुरूप उदाहरण होय. या चिन्हाचा इतिहास नीट पाहिला तर ते कोणाला मिळाले यापेक्षा ते कोणाला नाकारले गेले, यावरून त्याचा अर्थ अधिक उलगडतो.

आधी शब्दाकडे पाहू जाता, फ्रेंचमधील ग्रेनाद म्हणजे डाळिंब. दाण्यांनी गच्च भरलेले फळ आणि दारूने गच्च भरलेला लोखंडी गोळा यांतील साम्यावरून फळाचे नाव शस्त्राला मिळाले आणि इंग्रजीने ते फ्रेंचमधून उचलले. दारूकामाला फळाचे नाव देण्याची ही कल्पना आपल्याकडेही अपरिचित नाही. दिवाळीत ठिणग्यांचे कारंजे उडवणाऱ्या भुईनळ्याला हिंदीत अनार म्हणतात, आणि अनार म्हणजेही डाळिंब. याउलट मोगल सैन्यात तटावरून टाकावयाच्या अशा गोळ्याला हुक्का म्हणत. तेथे नाव पडले ते डबी या अर्थाच्या शब्दावरून, भांड्यावरून. एकच वस्तू, पण एका भाषेने तिच्यात फळ पाहिले, दुसरीने पात्र पाहिले. बिल्ल्यावरील आकृतीत मात्र या नामकरणाचा एक मजेदार प्रतिध्वनी राहून गेला आहे. डाळिंबाच्या माथ्यावर पाकळ्यांचा जो लहानसा मुकुट असतो, नेमक्या त्याच जागी बिल्ल्यात ज्वाला असतात.

इंग्लंडच्या पायदळात ग्रेनेडियरांच्या कंपन्या १६७७-७८च्या सुमारास निघाल्या. जॉन एव्हलिनने १६७८च्या आपल्या दैनंदिनीत या नव्या जातीच्या सैनिकांची नोंद केली आहे. त्यांच्याजवळच्या गोळ्यांच्या पिशवीबरोबर त्यांच्या केसाळ टोप्यांनीही त्याचे लक्ष वेधले. त्या पाहून त्याला तुर्कांच्या जॅनिसरी सैनिकांची आठवण झाली. टोपीचे हे वेगळेपण सोयीतून आले असे सांगतात. इतर शिपायांची रुंद काठाची हॅट बंदूक पाठीला अडकवताना आड येई; गोळा पेटवून फेकायचा तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि बंदूक पाठीवर हवी, म्हणून बिनकाठाची टोपी. पुढे ही टोपी उंच होत गेली, बिशपच्या मुकुटासारखी निमुळती झाली, तिच्यावर भरतकाम चढले. आता ती सोयीची राहिली नव्हती हे उघड आहे. वेषाच्या इतिहासात असे नेहमीच घडते. गरजेपोटी झालेला बदल मान मिळवतो, आणि मान मिळाला की गरजेची कोणी आठवण ठेवीत नाही.

या टोपीवर काय असावे याचे सरकारी नियम अठराव्या शतकाच्या मध्यास झाले. १७५१च्या हुकुमान्वये टोपीच्या दर्शनी भागावर राजाची अद्याक्षरे व मुकुट, त्याखालच्या लहान तांबड्या पट्टीवर हॅनोव्हरचा पांढरा घोडा आणि 'कठीण प्रसंग आम्हांस भिववीत नाहीत' अशा अर्थाचे लॅटिन वचन, आणि मागच्या बाजूस रेजिमेंटचा क्रमांक अशी रचना ठरली. हॅनोव्हरचे घराणे १७१४ साली ब्रिटनच्या गादीवर आले. घोडा हे त्या घराण्याचे चिन्ह. म्हणजे ग्रेनेडियरांच्या टोपीची दर्शनी बाजू राजाची होती, हातगोळ्याची नव्हती. बिल्ल्यांच्या लोकप्रिय इतिहासांत ही गोष्ट सहसा ओझरती येते.

त्यानंतरचा १७६८चा हुकूम या विषयातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज होय. त्याने कापडी टोपीच्या जागी काळ्या अस्वलाच्या कातड्याची टोपी आणली. पुढे काळ्या पार्श्वभूमीवर रुपेरी मुलाम्याच्या पत्र्यात राजाचे शिखरचिन्ह व तेच लॅटिन वचन. आणि मागच्या बाजूस हातगोळा, त्यावर रेजिमेंटचा क्रमांक. आज पुढे मिरवणारे हे चिन्ह या नियमात टोपीच्या पाठीमागे येते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. राजाचे चिन्ह जगासाठी, गोळा पाठीमागून येणाऱ्या स्वकीयांसाठी, अशी ती वाटणी दिसते. गोळ्यावर क्रमांक असल्याने तो 'कोणत्या रेजिमेंटचा ग्रेनेडियर' या प्रश्नाचे उत्तर देई. एकाच खुणेत वर्ग आणि व्यक्ती, सामान्यनाम आणि विशेषण, असे दोन्ही सामावले होते.

त्याच हुकुमात पुढे फ्युझिलियर रेजिमेंटांविषयी एक कलम आहे. त्यांनाही काळ्या अस्वली टोप्या द्याव्यात, त्या ग्रेनेडियरांच्या टोप्यांप्रमाणेच कराव्यात. मात्र त्यांची उंची कमी असावी, आणि त्यांच्या मागच्या बाजूस हातगोळा असू नये.

हे कलम फ्युझिलियर कोण होते हे पाहिल्यावाचून समजणार नाही. त्यांचा हातगोळ्याशी मुळात काहीच संबंध नव्हता. फ्युझिल म्हणजे चकमकीची हलकी बंदूक. १६८५ साली उभारलेल्या रॉयल फ्युझिलियर्सना तोफखान्याचे रक्षण करावयाचे होते. दारूच्या पिंपांशेजारी तोड्याची बंदूक, म्हणजे सतत जळत राहणारी वात, घेऊन उभे राहणे धोक्याचे होते. म्हणून त्यांना चकमकीची बंदूक मिळाली आणि तिच्यावरून नाव. पुढे सगळे पायदळच चकमकीची बंदूक वापरू लागले, तेव्हा या नावातले वर्णन निकामी झाले व निव्वळ मान उरला. मान दाखवायला मानाची टोपी हवी, ती ग्रेनेडियरांसारखी. परंतु दोघांच्या टोप्या सारख्या झाल्या तर ग्रेनेडियर कोणता आणि फ्युझिलियर कोणता? ही अडचण १७६८च्या हुकुमाने दोन उपायांनी सोडवली. एक, उंची. दुसरा, गोळ्याचा अभाव.

बौद्ध नैयायिक दिङ्नागाने शब्दार्थाविषयी जो अपोहाचा सिद्धांत मांडला, त्याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. 'गो' हा शब्द गायीचे भावरूप स्वरूप दाखवीत नाही. जे गो नाही त्याची तो व्यावृत्ती करतो, असे त्याचे म्हणणे. विसाव्या शतकात सोस्यूरने भाषिक चिन्हाचे मूल्य हे त्याच्या शेजारच्या चिन्हांशी असलेल्या भेदावर अवलंबून असते असे सांगितले, तेव्हा प्रश्नाची मांडणी वेगळी होती, पण दृष्टी फार दूरची नव्हती. अर्थात टोपीवरील बिल्ला म्हणजे शब्द नव्हे, आणि सर्व चिन्हांना भाषेचे नियम लावणे हा अविचार ठरेल. परंतु १७६८च्या हुकुमातील गोळ्याचे कार्य अन्यव्यावृत्तीचे होते, हे त्या हुकुमाच्या शब्दांतच लिहिलेले आहे. त्यासाठी कोणत्याही सिद्धांताची ओढाताण करावी लागत नाही.

आणि या काळी हातगोळा प्रत्यक्षात कोठे होता? मैदानी लढाईतून तो जवळजवळ गेला होता. पेटती वात, लोखंडाचा बेभरवशाचा गोळा आणि फेकण्याचे थोडके अंतर, यांमुळे वेढ्याच्या कामाखेरीज त्याचा उपयोग अल्प होता. ग्रेनेडियरांच्या कंपनीत मात्र उंच, धिप्पाड आणि अनुभवी शिपाई घेण्याची चाल कायम राहिली. रांगेच्या उजव्या टोकाला तिची जागा. संस्कृत शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, योगरूढ आणि रूढ असे जे भेद केले, त्यांचाच क्रम येथे कालानुसार उलगडतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस ग्रेनेडियर हा यौगिक शब्द होता, फेकणारा तो ग्रेनेडियर. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो पंकजासारखा योगरूढ झाला. पुढे तो कुशल या शब्दासारखा रूढ झाला. कुशल म्हणजे दर्भ आणणारा हे जसे कोणाच्या मनात येत नाही, तसे ग्रेनेडियर म्हणताना गोळा मनात येईनासा झाला. बिल्ल्यावरचा गोळा तेवढा राहिला, आणि त्यामुळेच व्युत्पत्तीचा मोह टिकून राहिला. शब्द आपला उगम लपवतो, चित्र तो लपवू देत नाही.

१८००च्या सुमारास दंडगोलाकार शाको टोप्या आल्या, तेव्हा हाच भेद तुऱ्यांच्या रंगांवर गेला : ग्रेनेडियरांचा पांढरा, हलक्या कंपनीचा हिरवा, मधल्या कंपन्यांचा पांढरा व तळाशी तांबडा. यांतील कोणत्याही रंगात स्वतःचा अर्थ नाही. तीन जागा होत्या, तीन रंग पुरले.

वॉटर्लूनंतर चिन्हाला नवे वळण लागले. फर्स्ट गार्ड्स या रेजिमेंटला १८१५च्या जुलैअखेर ग्रेनेडियर हे नाव बहाल झाले. नेपोलियनच्या इंपीरियल गार्डातील ग्रेनेडियरांना तिने परतवले, हे त्याचे कारण. आता अभ्यासकांचे बहुमत असे आहे की या रेजिमेंटपुढे त्या संध्याकाळी जे फ्रेंच चालून आले ते ग्रेनेडियर नसून त्याच गार्डातील शासर होते. ग्रेनेडियरांशी गाठ पडली ती शेजारच्या दुसऱ्या ब्रिटिश ब्रिगेडची. तेव्हा सर्वांत प्रसिद्ध ग्रेनेडियर रेजिमेंटचे नाव ना स्वतःच्या हातगोळ्यावरून पडले, ना नेमक्या शत्रूवरून. या शोधामुळे त्या नावाचे काही बिघडले का? मुळीच नाही. व्युत्पत्ती चुकीची ठरल्याने शब्द चुकीचा ठरत नाही. ज्यांना या चिन्हाचे मर्म उगमात आहे असे वाटते त्यांनी या एका प्रकरणाचा खुलासा करून पाहावा.

याच रेजिमेंटच्या जगप्रसिद्ध अस्वली टोपीवर गोळ्याचा बिल्लाच नाही, हेही पर्यटकांच्या सहसा ध्यानात येत नाही. तेथे डाव्या बाजूस पांढरा तुरा असतो. गोळा असतो तो कोटाच्या गळपट्टीवर आणि नित्याच्या टोपीवर. पांढरा तुरा म्हणजे फुटलेल्या गोळ्याचा धूर, असे एक स्पष्टीकरण प्रचलित आहे. ते सुंदर आहे. परंतु पांढरा, हिरवा व पांढरा-तांबडा ही वर सांगितलेली त्रयी ज्याच्या डोळ्यांपुढे आहे त्याला धुराची गरज वाटणार नाही. लोकव्युत्पत्ती शब्दांचीच होते असे नाही, तुऱ्यांचीही होते.

१८६०च्या आसपास लाइन रेजिमेंटांतील ग्रेनेडियर कंपन्या बंद झाल्या. ज्या भेदासाठी गोळा नेमला होता तो भेदच संपला आणि चिन्ह मोकळे झाले. ते उचलले कोणी? ज्यांना ते शंभर वर्षांपूर्वी लेखी नाकारले होते त्या फ्युझिलियरांनी. एकोणिसाव्या शतकात गोळा त्यांच्या वेषावर हळूहळू स्थिरावला, आणि १८८१च्या मोठ्या पुनर्रचनेनंतर तर समारंभी गणवेशातील त्यांच्या केसाळ टोपीच्या अगदी दर्शनी भागावर मोठा पितळी गोळा आला. पाठीमागचे चिन्ह पुढे आले आणि निषिद्ध चिन्ह जातीचे लक्षण झाले. आता 'गोळा आहे' याचा अर्थ 'हा फ्युझिलियर आहे' असा होऊ लागला. १७६८च्या नियमाच्या नेमका उलट. ज्याला चिन्हाचा अर्थ गोळ्याच्या पोटात आहे असे वाटते त्याने या उलथापालथीचे कारण काय द्यावे? फ्युझिलियर हातगोळे फेकू लागले होते असे तर नाही.

गोळा सर्वांचाच झाला, तेव्हा त्यांच्यातील परस्परभेद गोळ्याच्या पोटावर कोरला जाऊ लागला. नॉर्दम्बरलँडचा सेंट जॉर्ज आणि राक्षसी सर्प, लँकेशायरचा स्फिंक्स, वेल्शांची राजपुत्राची तीन पिसे, इनिस्किलिंगचा किल्ला. १७६८ साली तेथे क्रमांक होता. क्रमांकाची जागा चित्राने घेतली, व्याकरण तेच राहिले. यांतील दोन आयरिश रेजिमेंटांच्या गोळ्यांवर हिंदुस्थान होता. रॉयल मन्स्टर फ्युझिलियर्सच्या गोळ्यावर वाघ, रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सच्या गोळ्यावर वाघ आणि हत्ती. कारण मन्स्टर रेजिमेंट बंगालच्या, आणि डब्लिन रेजिमेंट मद्रास व मुंबईच्या, ईस्ट इंडिया कंपनीने पोसलेल्या युरोपीय पलटणींतून बनली होती. १०३री रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स ही डब्लिन रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. आयर्लंडच्या फाळणीनंतर १९२२ साली दोन्ही मोडल्या, आणि डब्लिनच्या टोपीवरचा मुंबईकडून आलेला वारसा वस्तुसंग्रहालयांत गेला.

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. तोफखाना व इंजिनियर या दलांच्या गळपट्टीवरही ज्वलंत गोळा आहे, आणि त्यांचा दारूशी व स्फोटाशी संबंध खरा आहे. तेव्हा तेथे तरी चिन्ह वस्तूवरून आले असे मानण्यास काय हरकत? हरकत नाही. तेथे आकृती आणि काम यांत मेळ आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तोफखान्याच्या गोळ्याला सात ज्वाला, इंजिनियरांच्या गोळ्याला नऊ आणि ग्रेनेडियर गार्ड्सच्या गोळ्याला सतरा, असा जो हिशेब सांभाळला जातो, त्याचा स्फोटाशी काय संबंध आहे? आग मोजून लागत नाही. वस्तूने चिन्ह दिले असेल, पण चिन्हाला लष्करात नांदवले ते अशा भेदांनीच.

पहिल्या महायुद्धात या सगळ्याची जणू परीक्षाच झाली. खंदकांच्या लढाईत हातगोळा परत आला. १९१५ साली मिल्सचा बाँब वापरात आला आणि तो फेकण्यात तरबेज असे शिपाई प्रत्येक पलटणीत तयार होऊ लागले. त्यांना साहजिकच ग्रेनेडियर म्हटले जाऊ लागले. शब्द दोनशे वर्षांनी पुन्हा यौगिक होत होता! परंतु ग्रेनेडियर गार्ड्सनी या वापराला हरकत घेतली, ती मानली गेली, आणि १९१६ साली या शिपायांना बाँबर म्हणावे असे ठरले. जे खरोखर हातगोळे फेकत होते त्यांना हातगोळेवाला हे नाव मिळाले नाही, कारण ते नाव हातगोळे न फेकणाऱ्यांच्या मालकीचे झाले होते. रूढीने योगाचे अपहरण केले, असा शेरा जुन्या टीकाकाराने मारला असता. हे प्रकरण लष्करी इतिहासांत बहुधा विनोदी किस्सा म्हणून येते. त्यातला विनोद खराच. पण खंदकात रोज मरणाशी झुंजणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचे सरळ नाव मिळू नये, यात नुसता विनोद नाही. आणि बिल्ला? मिल्सच्या बाँबच्या अंगावर खाचा आहेत, त्याला दाबपट्टी आहे, माथ्यातून ज्वाला निघत नाहीत. बिल्ल्यावरचा गोळा गुळगुळीत व जळताच राहिला. नव्या वस्तूची दखल चिन्हाने घेतली नाही.

युद्धोत्तर काळात रेजिमेंटांची संख्या घटत गेली. १९६३ साली रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला फ्युझिलियर करण्यात आले, आणि पाच वर्षांनी, २३ एप्रिल १९६८ रोजी, तिच्यासह चार फ्युझिलियर रेजिमेंटांची मिळून रॉयल रेजिमेंट ऑफ फ्युझिलियर्स झाली. तिच्या गोळ्यावर सेंट जॉर्ज आला. स्फिंक्स आणि वॉरिकशायरचे काळवीट बिल्ल्यावरून गेले. परस्परांतील भेद नाहीसा झाल्यावर भेदाच्या खुणाही गेल्या, आणि सर्वसामान्य गोळा तेवढा उरला.

महाराष्ट्राशी या चिन्हाचा संबंध याहून जवळचा आहे. रघुनाथरावाला पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेले कंपनीचे सैन्य जानेवारी १७७९मध्ये तळेगावाहून मागे फिरले आणि वडगावला त्याला मराठ्यांशी अपमानास्पद तह करावा लागला. मराठी वाचकाला ही कथा महादजी शिंद्यांच्या बाजूने ठाऊक असते. कंपनीच्या बाजूने तिचा एक वेगळा शेवट आहे. या मोहिमेत मुंबईच्या देशी पलटणींतील ग्रेनेडियर कंपन्यांनी जी कामगिरी केली, तिच्यावरून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबई सैन्यात स्वतंत्र ग्रेनेडियर बटालियन उभी राहिली. ब्रिटनमध्ये ग्रेनेडियर हा तेव्हा रेजिमेंटचा एक भाग होता. मुंबईत तो अख्खी पलटण झाला, फर्स्ट गार्ड्सना ते नाव मिळण्याच्या छत्तीस वर्षे आधी. या देशी शिपायांपुढे ग्रेनेडियर हा शब्द व्युत्पत्तीवाचूनच आला. त्यांना डाळिंब ठाऊक होते, हुक्काही ठाऊक असेल. पण या नावातून दोहोंपैकी काही ऐकू येण्याचा संभव नव्हता. मराठीने आजवर त्याचे भाषांतर केलेले नाही. हातगोळेफेके असे कोणी म्हणत नाही, आणि म्हटले तर पलटणीचे नाव नाहीसे होऊन नुसते काम उरेल.

हीच परंपरा पुढे १०१वी ग्रेनेडियर्स, १९२२नंतर ४थी बॉम्बे ग्रेनेडियर्स, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेची द ग्रेनेडियर्स या नावांनी चालत आली. पांढरा तुरा तिच्याकडे राहिला. तिचे चिन्ह पितळी गोळा आणि त्या गोळ्यावर हॅनोव्हरचा पांढरा घोडा. हा तोच घोडा, जो १७५१च्या हुकुमाने इंग्रज ग्रेनेडियरांच्या टोपीच्या तांबड्या पट्टीवर बसवला होता. लंडनच्या ग्रेनेडियर गार्ड्सच्या टोपीवरील गोळा आज कोरा आहे. स्वतंत्र भारतात लष्करी बिल्ल्यांवरील ब्रिटिश मुकुट गेले व त्यांच्या जागी अशोकाचे सिंह आले. घोड्याला मात्र कोणी हात लावला नाही, कारण १९४७पर्यंत तो कोणा राजाचा आहे हे विसरले गेले होते आणि तो या पलटणीचा आहे एवढेच उरले होते.